पाठपोट

एकोणीसशे एकाहत्तर साल. त्या वर्षी तिला शहाणं होण्याचा झटका आला आणि त्या भरात तिने चांगल्या धडधाकट सासूबाईंना साप्ताहिकात मारून टाकलं.

ती छापखान्यात पुस्तकांची आणि मालकांच्या साप्ताहिकाची प्रुफं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्थाच्या बाबतीत मात्र उजेडच होता. त्या वर्षी स्टोइक या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथावरचं एक पुस्तक छपाईला आलं. त्यात रोजचा एक व्यायाम दिला होता. आपल्याजवळचं काहीतरी गेलं असं सकाळी मनापासून समजायचं आणि मग ते आहे म्हणून आभार मानायचे. झालं! प्रुफं संपायच्या आत तिला अर्धी मुक्ती मिळाली. रोज कामावर आल्या आल्या ती एका चिठ्ठीवर काहीतरी घालवू लागली. एक दिवस उजवा डोळा, एक दिवस छत्री, एकदा नवरा. चिठ्ठीच्या पुढे नुकसान, मागे आभार. मग दिवसभर चेहऱ्यावर अशी शांती, की मालक विचारायचे, "दाढ दुखतेय का?"

घरात एवढी शांती नव्हती. नवरा मालमोटारीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तीन वर्षांच्या मुलीला सासूबाई सांभाळायच्या, म्हणून तिची नोकरी चालली होती. आणि सासूबाई चार दिवसांपासून म्हणत होत्या, "लेक बोलावतेय. तिथं निदान कुणी दोन शब्द बोलतं माझ्याशी." त्या गेल्या की नोकरी गेली, हे कळायला तत्त्वज्ञ लागत नव्हता. म्हणून त्या बुधवारी चिठ्ठीवर सासूबाईंची पाळी आली.

"आमच्या सासूबाई आता आपल्यात नाहीत. पिवळ्या दाराचं घर सुनं झालं."

लिहिताना तिला रडू आलं. स्वतःच्या लेखणीचं थोडं कौतुकही वाटलं. मागच्या बाजूला आभार लिहून, डोळे पुसत पुसत तिने चिठ्ठी पिशवीत टाकायच्या ऐवजी टेबलावरच्या तारेच्या आकड्याला अडकवली. त्या आकड्यावर साप्ताहिकाच्या निधनवार्ता असायच्या.

छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला सगळे 'मक्षिका' म्हणत. एकदा कागदावर मेलेली माशी चिकटली होती, तर त्याने तिचा अनुस्वार केला होता. शिवाय त्याच्या डोक्यावरच पाटी होती, आणि तीही तिच्याच अक्षरात: 'मजकूर पाठकोरा असावा. मागचं छापलं जाणार नाही.' मक्षिकाने चिठ्ठी उलटली नाही.

प्रूफ कुणाकडे आलं? तिच्याचकडे. शेवटच्या तासाला, आठ निधनवार्तांच्या मधोमध. मक्षिकाने 'सूनं' जुळवलं होतं. तिने दीर्घाचा ऱ्हस्व केला. वाक्य बरं उतरलंय, असंही मनात आलं. कुणाचं, ते नाही आलं. समासात 'ठीक' लिहून तिने सही ठोकली.

शनिवारी सकाळी पिवळं दार वाजलं. बाहेर शेजारीण, हातात फुलं, डोळ्यांत पाणी. दार सासूबाईंनी उघडलं.

"अगं बाई!" शेजारीण किंचाळली.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुम्ही!"

सासूबाईंनी चष्मा लावून अंक वाचला. दोनदा. सूनबाई नळाशी दात घासत होत्या. तोंडात फेस, पळायला वाट नाही.

"सुनं झालं?" सासूबाई म्हणाल्या. "सुनेचं झालं म्हण की!"

"आई, तो व्यायाम होता."

"मला मारायचा?"

"आधी मारायचं... मग आभार मानायचे."

"वा! एवढी रीत तर चोरसुद्धा पाळत नाही." सासूबाईंनी पलंगाखालून ट्रंक ओढली. "जाते मी. लेक जिवंतपणी विचारते."

ती घरातल्याच चपलांवर छापखान्याकडे धावली, रद्दीचं टोपलं उपसलं आणि चिठ्ठी घेऊन धापा टाकत परतली. सासूबाई दारात गाडीची वाट बघत होत्या. मुलगी ट्रंकेवर बसली होती.

"आई, मागची बाजू वाचा."

सासूबाईंनी चिठ्ठी उलटली. "पण त्या आहेत. मुलगी हसत उठते ती त्यांच्यामुळे. मी कामावर बिनघोर असते तीही त्यांच्यामुळे. हे त्यांना सांगायला हवं. उद्या."

"उद्या म्हणजे कधी? बुधवार होऊन तीन दिवस झाले."

"राहून गेलं."

"मग आता सांग. तोंडाने."

तिने तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं पुस्तक कुठल्या कुठे गेलं. "तुम्ही... टॉवेलांच्या घड्या फार छान घालता."

"पाच वर्षांत एवढंच सापडलं?" असं म्हणून सासूबाई इतक्या हसल्या की मुलगी ट्रंकेवरून घसरली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपर्यंत थांबते. पण रोज एक सांगायचं. समोर उभं राहून. मागच्या बाजूला काही लिहायचं नाही."

तो पुढचा शनिवार सतरा वर्षं आला नाही.

नवऱ्याला बातमी वाटेत कळली. तो दाढी वाढलेल्या अवस्थेत रडत आला, तर आईनेच दार उघडून त्याला साखर आणायला पिटाळलं. मालकांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापली: 'पिवळ्या दाराच्या घरातील सासूबाई हयात असल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' तेही प्रूफ तिनेच तपासलं होतं. सासूबाईंनी ते कात्रण आरशाला चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं.

पुढे मालकांनी यंत्रं विकली आणि गुलाब लावले. मक्षिका पाट्या रंगवायला लागला. पत्र लिहितो अजून, एकाच बाजूला. मुलगी शिक्षिका झाली. वर्गात घाईघाईने उत्तर देणाऱ्याला ती म्हणते, "आधी पान उलट." सासूबाई अठ्ठ्याऐंशी साली गेल्या, खरोखरच. ती निधनवार्ता सुनेने लिहिली. लांबलचक झाली, पण सगळी पुढच्याच बाजूला. आणि तपासायला दुसऱ्याला दिली.

सूनबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. नवऱ्यालाही जाऊन बरीच वर्षं झाली. व्यायाम अजून चालू आहे. सकाळी त्या पिवळ्या दाराला एक गोष्ट सांगतात. दार ऐकून घेतं. "एवढंच सापडलं?" असं मात्र विचारत नाही.