पाच मॉनिटरांचा क्लास

तपासणीच्या दिवशी सकाळी दीनानाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मॉनिटर पाच होते, की-बोर्डांवरची प्लॅस्टिकची आवरणं पाच, की-बोर्ड एक आणि संगणक एक. उरलेल्या चार आवरणांखाली की-बोर्डच्या मापाने कापलेले पुठ्ठे होते. वसुंधराने दोनदा मोजलं. आकडे बदलले नाहीत.

साल १९९३. पनवेलमधल्या या खोलीत देवळासारखं चपला बाहेर काढून यावं लागे. वसुंधरा फिजिक्सची बी.एस्सी., इथली एकुलती एक शिक्षिका. परीक्षा मंडळाच्या मान्यतेसाठी पाच संगणक हवेत असा नियम होता, आणि तिच्या अकरा विद्यार्थ्यांनी परीक्षेचे फॉर्म भरून ठेवले होते. मान्यता नाही मिळाली तर त्यांचं वर्ष पाण्यात. संगणकांच्या आकड्याखाली सही मात्र शिक्षिकेची लागणार होती.

सरांनी मुंबईहून चार जुने मॉनिटर आणले होते आणि एका संगणकाला किती मॉनिटर जोडता येतील, असं तिला सहज विचारलं होतं. प्रश्न तिला आवडला. तिथेच ती फसली. दोन रविवार बसून तिने वायरी सोलल्या, डाग दिले, फाटे फोडले. दर फाट्याला उजेड थोडा उतरे. पाचव्या मॉनिटरवरची अक्षरं खिडकी बंद केल्याशिवाय दिसेनात. मग सरांनी खिडकी बंद केली.

तपासणीला आलेले उदयसिंह साहेब पहिल्या मॉनिटरसमोर बसले आणि एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. मागे पाचव्यासमोर सुकापूरची विद्यार्थिनी चंद्रावती बसली होती.

"साहेब, तुमचं नाव हितं पन आलं," ती म्हणाली.

साहेबांनी उठून पाचही ठिकाणी आपलं नाव वाचलं. शेवटचं मंद का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मुलांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून, असं सरांनी सांगितलं आणि चहा मागवला. साहेबांचा हात दुसऱ्या आवरणाकडे गेला. तो तिथे पोचायच्या आत वसुंधरा बोलून गेली.

"साहेब, त्याखाली पुठ्ठा आहे. संगणक एकच आहे. बाकीचे चार मॉनिटर मी त्यालाच जोडलेत."

दीनानाथ सर छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"तुम्ही जोडलेत?" साहेब म्हणाले. "एकावर लिहिलेलं सगळीकडे दिसतं. म्हणजे हे नेटवर्क."

"नाही साहेब, नेटवर्कमध्ये प्रत्येकाचा वेगळा संगणक..."

"अहो, आमच्या कचेरीत वेगळेच आहेत, तीन. दोन वर्षं झाली, एकावरचं दुसऱ्यावर दिसत नाही. इंजिनिअर येतात, चहा पितात, जातात. आणि तुम्ही पोरीबाळींनी इथे करून दाखवलंत."

तिने कागद घेतला आणि आकृती काढून समजावलं: हा संगणक, ही वायर, हे फाटे. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि आकृती अहवालाला टाचणीने लावून टाकली. वसुंधराने फॉर्म ओढला, संगणकांच्या रकान्यात ठळक १ लिहिला आणि खाली सही केली. अकरा चेहऱ्यांकडे बघणं तिने टाळलं. साहेबांनी त्या एकाशेजारी लाल शाईने शब्द घातला: नेटवर्कसह.

महिन्याने पत्र आलं. क्लासला विशेष श्रेणीत मान्यता होती. एका मॉनिटरमागे नऊ, या हिशेबाने एका तुकडीत पंचेचाळीस विद्यार्थी घ्यायला परवानगी होती. अकरा जणांची परीक्षा पार पडली. सरांनी बाहेरच्या पाटीवर 'नेटवर्क' हा शब्द 'कॉम्प्युटर'पेक्षा मोठा रंगवून घेतला, आणि जूनमध्ये कोनपासून बेलपाड्यापर्यंतच्या गावांतली पोरं चपला काढून आत आली. जागा भरायला चार दिवस लागले.

पहिल्या प्रॅक्टिकलला वसुंधरा हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसली. एका तासात, जागा बदलण्याचा वेळ वजा जाता, एका विद्यार्थ्याच्या वाट्याला की-बोर्ड आला पासष्ट सेकंद.