उजवा खांदा

केमार बारा दिवसांचा झाला तरी डावीकडे पीत नव्हता. उजवीकडे चार घोट घ्यायचा. डावीकडे घेतला की किंचाळून दमायचा, आणि मग उजवीकडेही नकोच. माझी डावी छाती दगडासारखी झाली होती. नर्सनं बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत वजन चढलं नाही तर इस्पितळात ठेवू. आज बुधवार.

त्याहून मोठी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्याकडे, या बेटावर, बाळाला तेल लावून मनगटाला धरून उचलतात, झुलवतात. हाडं बळकट होतात. मी बघितलं होतं पुष्कळदा, केलं कधीच नव्हतं. काल मीच त्याचा उजवा हात ओढला. तो असा कळवळला की मी त्याला घाईघाईनं गुंडाळून छातीशी धरलं. तेव्हापासून तो डावीकडे तोंडसुद्धा लावत नव्हता.

सकाळी मिस आयसी आली. टेकडीवरची निम्मी पोरं तिनंच झुलवलेली. हातात खोबरेल तेलाची बाटली, त्यात जायफळ.

"काय गं डोरेट, बाळंतीण आहेस की मयताला आलीस?"

बाळाच्या राखणीला उशाशी उघडं ठेवलेलं बायबल सरकवून तिनं केमारला मांडीवर घेतलं. पाय चोळले, पोट, पाठ. तो गप्प पडून तिच्याकडे बघत होता. मग डावं मनगट धरून तिनं हळूच एक हेलकावा दिला. तिचा हात उजव्या मनगटाकडे वळला.

"नको! मिस आयसी, तो हात नको. काल मी ओढलाय."

ती थांबली. तिची बोटं खांद्यावरून गळ्याखाली सरकली आणि तिथंच राहिली.

"इथं बोट ठेव."

बोराएवढी टणक गाठ. केमार कण्हला.

"मी मोडलं का हो?"

"कालच्या मोडीला आज गाठ येते होय, वेडे? जन्मतानाच मोडलंय. बापाचे रुंद खांदे घेऊन आलाय ना! हाड सांधतंय आता." मग तिचा आवाज उतरला. "डावीकडे घेतेस तेव्हा ह्याच खांद्यावर भार येतो त्याचा. काखेत धर. बाजारात कोंबडी नेतात तसा."

मी डाव्या काखेतून त्याचे पाय माझ्या पाठीकडे घेतले, डोकं तळहातावर तोललं. डोळे मिटून किंचाळीची वाट पाहिली.

आली नाही. घोट गिळल्याचा आवाज आला. आणखी एक.

"पोट भरलं की तडक नर्सकडे ने," मिस आयसी म्हणाली. "ती बघेपर्यंत हा हात कुणी ओढायचा नाही. मीसुद्धा."

तिनं बाटलीचं बूच घट्ट बसवलं.