समुद्रात जन्मलो, डोंगरावर भेटलो

मित्रांनो, मी डोंगरावरून आणलेला एक जुना काळा दगड आहे, पण माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. तळाला भेग पडली, तप्त शिलारस वर आला आणि गार पाण्यात उशीसारखा फुगून थिजला. तोच मी. पुढे जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, मधला समुद्र नाहीसा झाला आणि त्या रेटारेटीत मी डोंगरमाथ्यावर जाऊन बसलो. तिथे मला कुणी विचारले नाही, पण माझे काही अडले नाही. उन्हात पडून राहणे मला छान जमते.

एकदा एक संशोधक ताई आल्या. या डोंगराच्या जागी पूर्वी समुद्र होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी माझ्या अंगावर नंबर लिहिला, त्या नंबरापुढे वहीत माझे ठिकाण टिपले आणि मला पिशवीत घातले. पिशवीत दुसऱ्या डोंगरावरचा, असाच नंबर घातलेला एक दगड होता, अगदी माझ्यासारखाच काळा. आम्ही खाली उतरलो आणि थोड्याच दिवसांत मी बसायचो तो कडा दरीत कोसळला; आता तिथून दुसरा दगड आणायची सोय उरली नाही.

प्रयोगशाळेत दगड कापणाऱ्या काकांनी आमची गंजकी साल करवतीने उतरवली.

"या ताई, दोघांनाही चकाचक केलंय!"

"काका, नंबर कुठे गेले?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! ते सालीवरच होते की!"

ताईंचे सर म्हणाले, "यातला एक समुद्रातला निघेलही. पण तो कुठल्या डोंगराचा, हे कसं सांगणार? सोडून द्या आता."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण आमची जातच मुकी!

"काका, साली कुठे टाकल्यात?"

"करवतीखालच्या बादलीत. गाळ अजून फेकला नाहीये."

ताईंनी बाह्या सरसावल्या. काका एकेक साल धुऊन देत, त्या आमच्या अंगाला लावून बघत. शेवटी माझ्या अंगातली पांढरी शीर नंबर लिहिलेल्या एका सालीवरच्या शिरेशी बरोबर जुळली.

"काका, सापडला!" ताई लहान मुलीसारख्या ओरडल्या. मलाही फार आनंद झाला.

टाकीचे घाव सोसले की दगडाला देवपण येते म्हणतात. तपासणीसाठी माझ्या अर्ध्या अंगाचे पीठ झाले. माझ्यातले सोडियम, पोटॅशियम पाण्याबरोबर केव्हाच इकडेतिकडे झाले होते. टायटॅनियम आणि झिर्कोनियम मात्र जागचे हलले नव्हते. त्यांच्या प्रमाणाने माझे जन्मस्थान सांगितले आणि ताईंचे म्हणणे खरे ठरले. सरांनी स्वतः पेढ्यांऐवजी बिस्किटे वाटली, तीही जरा मऊ पडलेली.

उरलेला मी आता फळीवर मजेत आहे. मित्रांनो, दगड उचललात तर त्याचे ठिकाणही जपून ठेवा. आम्ही कुठे जन्मलो हे आमच्या अंगातच असते; कुठे भेटलो, हे फक्त तुम्हाला ठाऊक असते.