पहिल्या पावलाची कात्री

"आमच्या घराण्यात डावखुरं कुणीच नाही. लिहा बिनधास्त," त्सोन्का म्हणाली.

राजधानी सोफियाहून आलेल्या बाईंनी कागदावर तसं लिहिलं. शाळेतली हुशार मुलं कोणत्या हातानं कामं करतात आणि इतर मुलं कोणत्या, हे त्या घरोघरी जाऊन पाहत होत्या. त्सोन्काची नऊ वर्षांची योआना हुशारांच्या यादीत होती, आणि पेन्सिल, चेंडू, चमचा, सगळं डाव्या हातानं उचलत होती. पोरीनं हा डावा हात कुणाचा घेतला, देव जाणे.

"तुझाच की," भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसलेली त्सोन्काची आई गना म्हणाली. "तू डावरीच होतीस."

त्सोन्का हसली. तिच्या पहिल्या पावलाची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. रिवाजाप्रमाणे गोल पाव गडगडत सोडला, बाळ त्यामागे तुरुतुरु गेलं आणि पुढचं काम ठरवायला मांडलेल्या वस्तूंतून त्यानं उजव्या हातानं कात्री उचलली. झालं! पोर शिवणकाम करणार हे ठरलंच. भाऊ राडोस्लाव कॉलेजात गेला, ती पंधराव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात. तक्रार कसली करायची? आपल्याच हातानं तर निवडलं होतं.

"पेन उचललं होतंस," आईचं सालं काढणं चालूच होतं. "तेही डाव्या हातानं. सासूबाई बघत होत्या. मी चटकन काढून घेतलं नि कात्री दिली उजव्या हातात."

"आणि मला आयुष्यभर दुसरंच सांगितलंस?"

"पोरीच्या जातीला हातात कसब बरं. उपाशी राहिलीस का कधी?"

शाळेत त्सोन्का गणितात पहिली यायची. मास्तर घरी येऊन आर्जवं करत होते, पोरीला पुढं शिकवा म्हणून. तेव्हा नाही म्हणाली होती ती स्वतःच, माझ्या नशिबात कात्री आहे म्हणून. सख्ख्या आईनंच केसानं गळा कापला होता.

"मग डावखुऱ्यांत तुम्हाला धरू?" बाईंनी हळूच विचारलं.

"धरा," त्सोन्का म्हणाली.

बाई गेल्यावर जेवताना आजीनं सवयीप्रमाणे योआनाचा चमचा उजव्या हातात दिला. त्सोन्कानं तो परत डाव्या हातात ठेवला. "तिच्या हाताला हात लावायचा नाही, आई," ती म्हणाली.

मग तिनं शिवणयंत्राच्या वर भिंतीतल्या खिळ्याला जपून टांगलेली ती कात्री काढली आणि डाव्या हातात धरून एका चिंधीवर चालवून पाहिली. कात्री उजव्या हातासाठी बनवलेली होती. चिंधी पात्यांमध्ये नुसती दुमडत राहिली, कापली जाईना.