दाराशी कडुनिंब

उल्काने चपला दाराबाहेर काढल्या, कडेवरच्या ऋताला जरा वर सरकवलं आणि पाळणाघर चालवणाऱ्या मिस लिमच्या मागोमाग झोपेच्या खोलीत पाऊल टाकलं. दुपारचा एक वाजला होता. निळे पडदे ओढलेले होते. त्यांतून गाळून आलेला उजेड खोलीभर पाण्यासारखा साचला होता आणि त्या उजेडात वीस-बावीस पोरं पातळ गाद्यांवर निजली होती. कुणी पालथं, कुणी आडवं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. मधोमध एक शिक्षिका मांडी घालून बसली होती आणि दोन हातांनी दोघांना थोपटत होती. तिचेही डोळे अर्धे मिटले होते.

दीड वर्षाची ऋता एरवी दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नसे. तिने त्या पोरांकडे टक लावून पाहिलं आणि मुकाट्याने आईच्या खांद्यावर मान टाकली. उल्कालाही वाटलं, आपणसुद्धा त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या गादीवर अंग टाकावं आणि कुणीतरी थोपटावं. या परक्या देशात आल्यापासून दोन वर्षांत तिला कुणी थोपटलं नव्हतं. हेच पाळणाघर हवं, असं तिच्या मनाने तिथेच ठरवून टाकलं.

सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती. ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, इथून बसने चार थांब्यांवर. नवरा निशिकांत पहाटे सहाला कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला, रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर जायचा आणि फोन तिथल्या फाटकापाशी कपाटात ठेवून आत शिरायचा तो संध्याकाळीच बाहेर पडायचा. बोटीवरच्या इंजिनियरांच्या बायका तरी नवरा समुद्रात आहे असं सांगू शकतात, असं उल्का त्याला चिडवत असे. म्हणजे पाळणाघर ठरवायचं ते तिनेच, आणि ते मिळालं तरच सोमवार.

बाहेरच्या टेबलाशी मिस लिमने ऋताचं लसींचं पुस्तक उघडलं. तिचं बोट एकेका शिक्क्यावरून सरकत गेलं आणि एका चौकोनावर थांबलं. तो कोरा होता. गोवराच्या लसीचा. मिस लिमने आवाज न चढवता नियम सांगितला. एक तर इथे शिक्का हवा, नाहीतर अमुक वैद्यकीय कारणाने सूट आहे असं डॉक्टरांचं पत्र हवं. जागा शुक्रवारी बारा वाजेपर्यंत राखून ठेवता येईल. त्यानंतर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलवावं लागेल.

उल्का म्हणाली, पत्र आणते. इतक्या सहज म्हणाली, की जिन्यावरून उतरताना तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तो चौकोन काही विसरून कोरा राहिला नव्हता. बाकीच्या लसी तिने डोळे मिटून का होईना, देऊ दिल्या होत्या. या एकीची तारीख आली की मात्र ऋताला सर्दी तरी व्हायची, नाहीतर घरी पाहुणे तरी यायचे. टाळायचंच म्हटलं की कारणं साखरेला मुंग्या लागाव्यात तशी लागतात. एकदा निशिकांत म्हणाला होता, "दुधाने तोंड पोळलं म्हणून किती दिवस ताक फुंकून पिणार आहेस?" म्हणाला आणि त्याने जीभ चावली. कारण पोळलं होतं ते दुधाने नव्हतं. उल्काचा धाकटा भाऊ चारुदत्त दहा महिन्यांचा असताना गेला होता, तेव्हा ती सहा वर्षांची होती. कऱ्हाडच्या घरात त्याबद्दल एकच वाक्य होतं आणि ते दिवा लागल्यावर म्हणायच्या श्लोकाइतकं पाठ होतं. चारू सुईने गेला. गोवराच्या सुईने.

गुरुवारी दुपारी ती घराजवळच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या तळातल्या, दवाखान्यात गेली. डॉक्टर वसंता साठीच्या होत्या. जन्म इथलाच, घरची माणसं मूळची तमिळ. उल्काचं ते पाठ वाक्य ऐकून घेऊन त्यांनी ऋताच्या हातात लाकडी चमचा दिला, छाती तपासली आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं, की पोर ठणठणीत आहे आणि सूट द्यायची तर तिच्या स्वतःच्या आजाराचं कारण लागतं, मामाचं चालत नाही.

"तरी पण सांगा," त्या म्हणाल्या. "मामाला नेमकं काय झालं होतं?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते एक वाक्य ऐकलं की लोक चुकचुकत आणि विषय बदलत. उल्का सांगू लागली, आणि सांगता सांगता दवाखान्यातला पंखा, भिंतीवरचं घड्याळ सगळं मागे सरत गेलं. ती दुपारी झोपून उठली होती. घर अगदी गप्प होतं. दारांच्या फटींतून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. माजघरात चारूचा पाळणा हलत नव्हता. तिला जवळ जाऊ देत नव्हते, पण तिने लांबून त्याचा गाल पाहिला होता. लाल दिसला होता, कुणी कुंकवाचा हात लावावा तसा. त्या दिवसांत घरात फोडणी नव्हती. वरण नुसतं हळद-मिठाचं यायचं. तिने "जिऱ्याची फोडणी दे ना" म्हटलं तेव्हा आजीने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. आणि दाराला डहाळा बांधला होता. कडुनिंबाचा. पाळण्यातही पाला होता, त्याचा कडसर वास अजून नाकात आहे.

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं होतं.

"कडुनिंब," त्या म्हणाल्या. "आणि फोडणी नाही."

"हो."

"माझ्या पाट्टीच्या घरी, म्हणजे आजीच्या घरी, हेच करायचे. इथेच, सेरांगूनच्या बाजूला. मला आणि माझ्या बहिणीला गोवर आला तेव्हा दाराला कडुनिंब आणि घरात तळण नाही, फोडणी नाही. देवी घरी आली आहे, तिला त्रास नको म्हणून." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सुईने ताप आला तर कुणी कडुनिंब नाही बांधत."

ऋता चमच्याने टेबल वाजवत होती. पत्र लिहिणार नाही, लस देईन, उद्या अकराला या, आणि त्याआधी आईशी बोला, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

ब्लॉकखाली मोकळ्या जागेत दगडी बाक होते. एका बाकावर दोन म्हातारे पट मांडून बसले होते आणि बराच वेळ कुणीच सोंगटी हलवत नव्हतं. ऋता ढकलगाडीत झोपून गेली. या देशात कोकिळा बारमाही ओरडतात, त्यांना वसंत कळत नाही. तशीच एक कुठेतरी उंचावर ओरडत होती. आपण अजून त्या कऱ्हाडच्या दुपारीच आहोत आणि इथवर आलोच नाही, असं उल्काला वाटलं. तिने फोन लावला.

तिची आई सरोजिनीबाई कऱ्हाडला एकट्याच राहत. त्यांनी ऋता जेवली का, निशिकांतचा खोकला गेला का, असं नेहमीचं सगळं विचारून घेतलं. उल्काने उत्तरं दिली. मग म्हणाली,

"आई, चारूला गोवर आला होता का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सरोजिनीबाई उठून गेल्याचं, गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची ओढल्याचं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दाराला कडुनिंब होता. मला आठवतोय."

उल्काने फोन कानाशी घट्ट धरला.

"सुई दिलीच नव्हती गं त्याला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नेला होता. नगरपालिकेच्या दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते मी त्याला घेऊन. बुधवार होता. रांग फार होती आणि बारा वाजत आले होते. म्हटलं, पुढच्या बुधवारी आणू."

पुढचा बुधवार उजाडला तेव्हा चारूच्या अंगावर पुरळ होतं. ते बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तो गेला तेव्हा जो तो विचारत होता, सुई दिली होती का, सुई दिली होती का. त्यांच्या तोंडून हो निघून गेलं. सासूबाई म्हणाल्या, मग सुईनेच घात केला. ते वाक्य घरात शिरलं ते शिरलंच. उल्काचे वडील तेच खरं धरून गेले.

"तू पोरीची सुई टाळतेयस हे मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "रोज म्हणायचे, उद्या फोन करून सांगू. तोंडच उघडायचं नाही, बाई."

उल्का ऐकत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. बारा वाजत आले होते. बारा वाजता तिची शाळा सुटायची. पहिलीत असताना आई तिला न्यायला कधी एक मिनिट उशिरा आली नव्हती. फाटकापाशी चिंचेच्या सावलीत चारूला कडेवर घेऊन उभी असायची. सगळ्या मुलींत माझीच आई आधी येते, ही उल्काची केवढी मोठी ऐट होती. त्या बुधवारीही ती आलीच असणार.

तिचे ओठ हलले, पण तिने विचारलं नाही. सरोजिनीबाईंनीही तेवढं एक सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दोष सुईवर ठेवला होता. सुईला तो लागत नव्हता, पोरीला लागला असता. उल्काला आईचा राग आला, खरंच आला, आणि त्याच क्षणी तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्हीचं काय करावं ते न कळून ती झोपलेल्या ऋताच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढत राहिली.

"उद्या देतेयस?" आईने विचारलं.

"देतेय."

"मग तेव्हा फोन लाव. मी काही बोलणार नाही. नुसता लाव."

शुक्रवारी डॉक्टरांनी अकरा म्हटलं होतं खरं, पण निम्म्या वस्तीला त्याच दिवशी ताप आला असावा. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. उल्का भिंतीला टेकून उभी राहिली, खांद्यावर ऋता, कानाशी फोन. बाहेर पाऊस लागला होता. काचेपलीकडचा रस्ता, बस, छत्र्या असं सगळं पुसट होऊन वाहत चाललं होतं.

"रांग आहे का गं?" सरोजिनीबाईंनी विचारलं. बोलणार नाही म्हणालेल्या बाई दर पाच मिनिटांनी बोलत होत्या.

"आहे. अजून सहा जण आहेत."

"किती वाजले तुमच्याकडे?"

"पावणेबारा."

"त्या पाळणाघराची वेळ बाराची ना?"

"बाराचीच."

उल्काने ऋताला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"मी थांबलेय, आई," ती म्हणाली. "मी इथून हलत नाही."

नंबर पुकारला तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. उल्काने ते पाहिलं आणि मान फिरवली. आत गेल्यावर तिने फोन बंद न करता टेबलाच्या कडेला ठेवला. डॉक्टर वसंतांनी फोनकडे एकदा पाहिलं आणि सुई भरली. ऋताची बाही वर झाली. कापसाचा गार बोळा लागल्यावर ती हसली. मग सुई टोचली आणि क्षणभर ती अवाक झाली, आणि मग तिने जे भोकाड पसरलं ते बाहेरच्या रांगेपर्यंत गेलं असणार.

डॉक्टरांनी पुस्तकातल्या कोऱ्या चौकोनावर शिक्का मारला. ऋता रडत होती. उल्काने तिला छातीशी धरलं आणि थोपटत थोपटत फोन उचलला.

"आई? झालं."

ऋताचं रडणं थेट फोनमध्ये शिरत होतं, उल्काने तो जरा लांब धरला.

"आई, रडतेय ती. थांबेल आता. ठेवू का फोन?"

"नको," सरोजिनीबाई म्हणाल्या. "रडू दे जरा. ऐकू दे मला."