ठेवलेली नावं

गुलबर्ग्याच्या स्टेशनाजवळ एका कचेरीत बसून विजयश्री बिरादार रोज परक्या देशातली मेलेली माणसं वाचायची. अमेरिकेतलं एक शहर, अफाट सरोवराच्या काठचं बंदर. दीडशे वर्षांपूर्वी तिथं धान्याची जहाजं लागायची, थंडीत पाणी गोठलं की बंदर बंद पडायचं, उन्हाळ्यात कॉलरा यायचा. तिथल्या दप्तरखान्यानं त्या काळच्या नोंदींचे फोटो काढून टाइप करायला इकडं पाठवले होते. कुठलं जहाज कधी लागलं, दवाखान्यात कोण आलं, कोणाला कुठं पुरलं, सगळं त्यात होतं. एकच पान दोनदा टाइप व्हायचं, एकदा गुलबर्ग्यात आणि एकदा बिदरात. दोन्हींत फरक पडला की पान विजयश्रीकडं यायचं आणि तिचा शब्द शेवटचा असायचा.

बिदरची कचेरी जनवाड्याच्या नरसिंगची आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिच्या थोरल्या बहिणीचं, महानंदाचं लग्न ह्याच नरसिंगशी ठरलं होतं. कुंकू लागलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मग त्याला लातूरकडचं मोठं स्थळ आलं आणि त्यानं हे मोडलं. नुसतं मोडलं असतं तर त्यांचं गाव, खटकचिंचोळी, वर्षभरात विसरून गेलं असतं. पण मोडायला कारण पाहिजे, म्हणून पोरीला फिट येते अशी आवई त्यानं उठवली. बापानं नाही, त्यानं स्वतः, चहाच्या हॉटेलात बसून. महानंदाला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नव्हती. तरी पुढचं प्रत्येक स्थळ चहा पिऊन गेलं ते परत आलं नाही. चुलत्याच्या घरी हळद होती तेव्हा कुणी तिच्या हातात पेटता दिवासुद्धा देईना, पडली तर म्हणून. विजयश्री तेव्हा कॉलेजात होती. दिव्यासाठी पुढं केलेला आणि मग पदराखाली घेतलेला अक्काचा हात तिनं पाहिला होता. महानंदा पुढं अंगणवाडीत लागली आणि माहेरीच राहिली.

विजयश्रीच्या मेलखाली सासरचं आडनाव असायचं. नरसिंग तिला ‘बिरादार मॅडम’ म्हणून अदबीनं लिहायचा.

पावसाळा सरता सरता एक पान आलं. बंदराच्या पाण्यात सापडलेल्या प्रेतांची नोंद. मूळ कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, अनोळखी बाई, तपकिरी शाल, पाय अनवाणी. बिदरच्या पानावर मात्र त्या बाईला नाव होतं, आडनावासकट. विजयश्रीला ते टायपिंगची चूक वाटलं. मग तिनं मागची पानं काढली. जिथं नावच नव्हतं, शाई पुसली होती, अक्षर लागत नव्हतं, तिथं बिदरवाल्यांनी मनानंच नाव ठेवून दिलं होतं. जागा रिकामी सोडली की पान परत यायचं, काम अडायचं. नरसिंगनंच पोरींना तसं शिकवलं असणार.

नियमानं तिनं त्याच दिवशी कळवायला पाहिजे होतं. त्यानं पोरींना सांगितलं असतं, पानं सुधारली असती, काम टिकलं असतं. तिनं मेल लिहिला, वाचला आणि पुसून टाकला.

त्या दिवसापासून ती प्रत्येक खोटं नाव मूळ पानाशेजारी लावून बाजूला ठेवत गेली. पुढं जाणारं पान मात्र ती स्वतः बिनचूक करायची. त्या मेलेल्यांशी तिचं वैर नव्हतं. नरसिंगला ती लिहायची, काम चांगलं चाललंय. त्यानं विचारलं, आणखी पोरी घेऊ का? तिनं कळवलं, घ्या. त्यानं मोठी जागा घेतली, नवे कॉम्प्युटर मांडले, उद्घाटनाचा फोटो पाठवला. फोटोत तो हार घालून हसत होता. विजयश्रीनं अभिनंदन लिहिलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

मार्गशीर्ष लागला तसं तिनं सगळं साहेबांपुढं, सुधींद्ररावांपुढं ठेवलं. हे कधीपासून माहीत होतं, असं त्यांनी विचारलं. पूर्ण खात्री करूनच सांगायचं होतं, असं ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि पानं पुढ्यात ओढली. आठवड्याच्या आत बिदरचं काम बंद झालं.

नरसिंग गुलबर्ग्याला आला. केस पिकले होते, पण चालण्यातली ऐट तीच होती.

“मॅडम, पयल्या चुकीलाच एक शब्द बोलला असता तर मी सुधारून घेतलो असतो,” तो म्हणाला. “कामून सांगितलं न्हाई?”

विजयश्रीनं त्याला बस म्हटलं नाही. “मी श्रीपतरावांची धाकटी लेक,” ती म्हणाली. “खटकचिंचोळीची.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यानं खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. तेव्हा घरच्यांपुढं आपलं चाललं नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. आता मलाही लेकी आहेत, म्हणाला.

“हॉटेलात तुमचे घरचे बोलत न्हवते, तुमी बोलत होता. आता लोक विचारतील, काम कामून गेलं. ह्या टायमाला खरं कारण सांगा.”

तो गेला. खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना बघायला ती मुद्दाम उठली. ऐट राहिली नव्हती.

दोन दिवसांनी बिदरहून निलम्मा नावाच्या मुलीचा फोन आला. ती त्या कचेरीत टाइप करायची. आम्हाला जसं सांगितलं तसं आम्ही केलं अक्का, तुमच्याकडं जागा असली तर बघा, असं ती कन्नडमिश्रित मराठीत म्हणत होती. बघते, म्हणून विजयश्रीनं फोन ठेवला. साहेबांकडं गेली तर त्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं.

वेळामावस्येला ती माहेरी गेली. शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली, माणसं भज्जी आणि आंबील जेवायला बसली. जेवणं झाल्यावर तिनं महानंदाला तुरीच्या बांधावर नेलं आणि सांगितलं.

“रडला का?” महानंदानं विचारलं.

“न्हाई. रडायच्या बेतात होता.”

“तवा मला बलवायला पायजे होतीस.”

महानंदानं तुरीची एक शेंग तोडली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. मग बांधावर ऐसपैस बसली आणि धाकटीचा हात धरून तिलाही खाली बसवलं.

“पुन्ना सांग,” ती म्हणाली. “पयल्यापासनं. काई सोडू नकू.”

विजयश्रीनं पुन्हा सांगितलं. हाराचा फोटो, खुर्चीची पाठ, रस्ता, सगळं सांगितलं. फक्त निलम्माचा फोन तिनं सांगितला नाही.