तीनच्या खाली उठणार नाही

ओव्हीदचा नियम लुईझियानाच्या त्या खाडीकाठी लहानथोरांना पाठ होता: तीन नंबरच्या खालच्या वादळासाठी तो ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीतून उठत नसे. जन्म कोळंबी पकडण्यात गेलेला. वादळाला तो घरच्यासारखंच वागवी.

वादळ आखातात शिरलं की वीज जाणार, म्हणून फ्रीजर रिकामे करायचे आणि सगळ्यांनी मिळून शिजवून संपवायचं, ही गावाची रीत. त्या दिवशीही ओव्हीदच्या अंगणात आईच्या वेळच्या बिडाच्या पातेल्यात कोळंबी-खेकड्यांचा दाट रस्सा, गंबो, रटरटत होता, आणि डाव हातात आला की ओव्हीदला प्रवचन सुचे.

"आफ्रिकेकडून ढगांचं लटांबर निघतं. खाली समुद्र असा तापलेला. वाफ वर जाते, तिच्या जागी चहूकडून वारा घुसतो, पृथ्वी फिरते म्हणून तोही गरगरतो. मधे डोळा, तिथे चिडीचूप. ताशी चौऱ्याहत्तर मैल झाले की नंबर एक, एकशे अकराला तीन, एकशे सत्तावन्नला पाच!"

"आणि पाण्याचा नंबर?" त्याच्या बायकोनं, झेलीनं विचारलं.

"पाण्याला नंबर नसतो गं."

"तेच म्हणतेय मी."

शेजारचा डडली खो खो हसला, बोटं चाटली आणि बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. झेलीलाही वर, उंचावरच्या गावी मुलीकडे जायचं होतं. लहानपणी एक अख्खं वादळ तिनं घरात पाणी चढल्यानं छपरावर बसून काढलं होतं, आणि तेही एक नंबरचंच होतं. पण ओव्हीदला सोडून जायला तिचा पाय निघेना.

रेडिओ म्हणाला, तीन. ओव्हीदनं खुर्चीतली उशी ट्रकमध्ये टाकली. रेडिओ म्हणाला, दोन. उशी परत खुर्चीत. पुन्हा तीन. त्या दिवशी उशीइतकी वणवण गावात कुणी केली नसेल. संध्याकाळी वादळ दमलं, एकवर आलं. पुढे रेडिओवाले पाण्याबद्दल काहीतरी सांगत होते, पण ओव्हीदनं रेडिओ बंद केला आणि पाय ताणले.

"एक! एकासाठी मी कूससुद्धा बदलत नाही."

झेली उठली. तिनं गरम पातेलं टॉवेलात गुंडाळून ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला.

"अगं, कुठे?"

"मुलीकडे. तू बस."

"आणि गंबो?"

"गंबोला नियम नाही."

ट्रक सुरू झाला.  ओव्हीद आला नसता तर ती गावाबाहेरच्या पुलावरूनच मागे फिरली असती. ते त्याला कुठे माहीत? तो चपला घालायचंही विसरून धावला.

"मी वादळासाठी उठलो नाहीये," पातेलं मांडीवर घेत तो धापा टाकत म्हणाला. "जेवायला येतोय."

पाणी ओसरल्यावर ते परतले. वाऱ्यानं छपराचा एक पत्राही हलवला नव्हता. तेवढं ओव्हीदचं खरं ठरलं. पण घरात समुद्र येऊन गेला होता. भिंतीवर चिखलाची रेघ त्याच्या डोक्याच्याही वर होती. ओसरी रिकामी.

"वर बघ!" आधीच परतलेला डडली कुंपणापलीकडून ओरडला. खुर्ची ओकच्या फांदीत अडकून झुलत होती. "एक नंबरलाच उठली की रे!"

ओव्हीदला हसू फुटलं नाही. त्यानं खुर्चीकडे मान वर केली. मग चाचपडत त्यानं झेलीचा हात धरला.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "मला नंबर ऐकू देऊ नकोस. नुसतं पातेलं गाडीत ठेव."